व्यायामाचे उखाणे

मानसिंग हवालदाराला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर इंजिनाचं हँडल फिरवताना झटका आला. साल चौऱ्याहत्तर. एकाहत्तरची लढाई धडधाकट पार पाडून, पेन्शन घेऊन घरी आलेला गडी, वय चाळिशीच्या जरासं पुढं. खाली बसला तो बसलाच. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका फटक्यात गेली. कडेगावच्या अंगाला त्यांची वाडी. तिथं या दुखण्याला अंगावरनं वारं गेलं म्हणतात आणि पुढं काही बोलत नाहीत.

घरात माणसं मोजकीच. आई अंबूबाई, बायको बनुबाई आणि धाकटा भाऊ ज्ञानू. दोन पोरी होत्या, त्या लग्नं होऊन आपापल्या घरी नांदत होत्या. रान बऱ्यापैकी, ऊस होता, दावणीला जनावरं होती. खायला-प्यायला कशाची वाण नव्हती.

अडचण होती ती वेगळीच. त्या काळात वाडीत संडास कुणाच्या घरी होता म्हणून विचाराल तर कुणाच्याच नाही. पुरुषमाणसं ओढ्याच्या अलीकडं घाणेरीच्या झुडपांत जायची आणि बायका पार दुसऱ्या टोकाला. मानसिंगाला चालता येत नव्हतं, म्हणून ज्ञानू रोज उजाडायला त्याला पाठुंगळीला घ्यायचा आणि अख्ख्या गल्लीतनं ओढ्याला न्यायचा. ज्या माणसाला येताना बघून पारावरची टवाळ पोरं विड्या विझवायची, तो आता धाकट्या भावाच्या पाठीवर मान टाकून चाललेला. समोरून येणाऱ्या बायका पदर ओढून भिंतीकडं तोंड करायच्या. अदबीनंच करायच्या बिचाऱ्या. पण मानसिंगाला ती अदब सोसवत नव्हती.

मग त्यानं स्वतःपुरता तोडगा काढला. जेवणच तोडलं. पोटात काही गेलं नाही तर बाहेर न्यायचा प्रश्नच उरत नाही, असा त्याचा सरळ फौजी हिशेब. दोन घास खायचा आणि डाव्या हातानं ताट सारायचा. दिवाळीपर्यंत गालफडं बसली.

अंबूबाईला वाटत होतं, दुखण्यानं भूक मेली. ती आपली लिंबू-मिरी, सुंठ, काय काय उगाळत बसायची. बनुबाईला मात्र खरं काय ते लख्ख कळलं होतं. हा माणूस वाऱ्यानं मरायचा नाही, लाजेनं मरणार आहे, हे तिला दिसत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. असल्या गोष्टी सांगायच्या तरी कुठल्या तोंडानं?

तिनं दिराच्या मागं लकडा लावला आणि नवऱ्याला सांगलीला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर हसतमुख होते. त्यांनी मानसिंगाचा हात वाकवून बघितला, तळपायाला पेनाच्या टोकानं ओरखडलं आणि म्हणाले, "औषध मी देतो, पण औषधानं हा उठणार नाही. व्यायामानं उठेल. रोज सकाळी हात वर घ्यायचा, गुडघा मोडायचा, मग खांबाला धरून उभं राहायचं. कंटाळा येणार, राग येणार. म्हणून जवळच्या माणसानं शेजारी बसून मोठ्यानं म्हणायचं, मानसिंगचा हात उठतोय, मानसिंगचा पाय चालतोय. नाव घेऊन म्हणायचं. डोक्यातलं बाकी सगळं विस्कटलं तरी स्वतःचं नाव माणूस ओळखतो."

"उठंल म्हणायचं नव्हं, डागदरसाहेब?" ज्ञानूनं विचारलं.

"उठेल नाही. उठतोय."

"पर उठत न्हाई की."

"उठत असता तर म्हणायची गरज काय होती?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बनुबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. नाव घेऊन म्हणायचं, एवढं ऐकलं आणि तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

आता म्हणायचं कुणी? ज्ञानू भावाला दादा म्हणायचा. थोरल्या भावाचं नाव घ्यायला त्याची जीभ वळेना, शिवाय ऊसतोड सुरू झालेली. राहिली आई. आईला लेकाचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी? अंबूबाई मोठ्या हौसेनं पाटावर बसली. "माझ्या मानसिंगाचा हात उठतुया," म्हणाली, आणि त्या लोळागोळा हाताकडं नजर गेली मात्र, तिनं गळाच काढला. "उठतुया गं बाई माझ्या मानसिंगाचा हात! कसा वाघावानी हात हुता गं बाई माझ्या लेकराचा!" शेजारची रंगूबाई हातातली भाकरी टाकून धावत आली. तिला वाटलं, हवालदार गेला. मानसिंगानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि दिवसभर इकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ज्ञानूनंच आईला हात जोडले, "आये, तुजं ऱ्हाऊ दे."

फिरून फिरून गाडी बनुबाईपाशी आली. तिनं पहिल्या दिवशी "ह्यांचा हात उठतोय" म्हणून बघितलं. मानसिंग हलला नाही. ह्यांचा म्हणजे कुणाचा? वाडीतली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला हेच म्हणते. आणि उघडं नाव घ्यायची तर सोयच नव्हती. बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे अंबूबाईनं तिला लग्नाच्या हळदीतच बजावलं होतं. तिला स्वतःलाही ते पटलेलं होतं. मानसिंग पलटणीत असताना पोस्टमन दारात येऊन नाव विचारायचा, तर ती बोटानं भिंतीवरचा फोटो दाखवायची, पण नाव म्हणून घ्यायची नाही.

उखाण्यात गुंडाळलं की मात्र नाव चालतं. कसं चालतं ते विचारू नका. देवाला यमक आवडत असावं.

म्हणून बनुबाईनं उखाणा घ्यायचं ठरवलं. तिच्याजवळ होता एकच, लग्नातला, चांदीच्या ताटाचा. तो तिनं खाली मान घालून घेतला. त्यात हाताचं नव्हतं, पायाचंही नव्हतं, पण नाव होतं. मानसिंगानं डोळे उघडले. तिनं त्याचा हात वर धरला. ढकलला नाही त्यानं. पडू दिला, पण ढकलला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच उखाणा घ्यायला लागली तशी अंबूबाई आतनं ओरडली, "अगं, त्यो कालचा! एकदा घेतलेला उखाणा उष्टा. उष्ट्यात गुंडाळून नाव घ्यायचं म्हंजी उघडंच घेतल्यावानी."

हा नियम कुठल्या पोथीत आहे, कुणाला ठाऊक. अंबूबाईच्या घरात अंबूबाईचा शब्द. बनुबाईला रोज सकाळी नवा उखाणा लागायला लागला. खुरपताना, वैरण कापताना, भांडी घासताना तिचे ओठ हलायचे. रंगूबाईनं एकदा विचारलंसुद्धा, "काय गं बनू, मंतर जपतीयास का काय?" जपत होतीच म्हणा. माहेरची, मेढ्याची आठवण काढून तिनं एक जुळवला:

माझ्या माहेरी मेढ्याला डोंगरांची रांग,
मानसिंगरावांचं हलतंय उजवं अंग.

हलत काहीच नव्हतं. मानसिंगानं तिच्याकडं असं बघितलं, जसा काही समोर एखादा शिपाई मोज्याला भोक असताना सगळं ठीक म्हणून सांगतोय. खोटं त्याला खपायचं नाही. पण बनुबाई बधली नाही. दुसऱ्या दिवशी नवा:

उसाच्या सरीला पाणी सुटलं झरझर,
मानसिंगरावांचा हात चढतोय भराभर.

भराभर! करंगळीसुद्धा सरळ होत नव्हती आणि म्हणे भराभर. मानसिंगाला हसू आलं. अर्ध्याच तोंडानं आलं, पण आलं. आणि त्या हसण्याच्या भरात की रागाच्या भरात, देव जाणे, त्यानं खांद्यातनं जोर लावला. हात गोधडीवरनं उचलला गेला आणि धपकन पडला. बनुबाईनं बघितलं. ती आत गेली आणि चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसले. संध्याकाळी तो पुरी भाकरी जेवला.

तिथनं पुढं गाडी रुळाला लागली. उखाणा म्हणजे वाडीचा सकाळचा रेडिओ झाला. रंगूबाई भिंतीला कान लावून ऐकायची आणि न्याहारीपर्यंत उखाणा पार तालमीपर्यंत पोचवायची. ऊसतोडीवरचे गडी ज्ञानूला छेडायचे, "काय रं, आज हवालदार कुटवर चढलं?" ज्ञानू नुसता हसायचा. मानसिंगाला हे सगळं कळत होतं. उखाण्यात आज गुडघा म्हटला आणि गुडघा मोडला नाही, तर वाडीसमोर फजिती. मग तो दात-ओठ खाऊन गुडघा मोडायचा. एकदा तर बनुबाईनं मनगटाचा उखाणा घेतला आणि गड्यानं कोपर उचललं. उखाणाच मागं पडला. त्या दिवशी बनुबाई इतकी खूश, की तिनं शेवयाची खीर केली.

संक्रांतीनंतर तो सोप्यातल्या खांबाला धरून उभा राहायला लागला. तिनं म्हटलं:

तव्यावर भाकरी फुगली गोल,
मानसिंगराव सांभाळतात उभ्यानं तोल.

तोल सांभाळायचा, पण हात खांबाला. खांब सोडला की पाय लटपटायचा. सोप्याला दोन खांब, मधे चार-पाच पावलांची मोकळी जागा. ती जागा ओलांडली की उंबरा, उंबऱ्यापुढं अंगण, अंगणापुढं गल्ली आणि गल्लीच्या टोकाला ओढा. मानसिंगाची नजर कायम त्या वाटेवर असायची. ज्ञानू अजून त्याला पाठीवर न्यायचाच.

शिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. अंबूबाई उंबऱ्यात सुपात गहू पाखडत होती. बनुबाई दुसऱ्या खांबापाशी उभी होती. मानसिंगानं एकाएकी खांब सोडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि बरोब्बर मध्यावर उजवा गुडघा खचला. धरायला काही नाही. बनुबाईनं तोंड उघडलं. "विहिरीच्या काठाला..." एवढं तोंडातनं गेलं आणि तिच्या ध्यानात आलं, की उखाणा संपून नाव यायच्या आत हा माणूस जमिनीवर असणार.

"मानसिंग!"

राव नाही, काही नाही. उघडंबोडकं नाव, आणि तेसुद्धा खणखणीत, अंगणापलीकडं जाईल असं.

मानसिंग ताठ झाला. गुडघा सरळ, छाती पुढं, हनुवटी वर, दोन्ही टाचा जुळल्या. घट्ट उभा राहिला. डोळे समोर. आणि मग कुणाचा आधार न घेता राहिलेली पावलं टाकून दुसऱ्या खांबाला पोचला.

अंबूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय केलंस गं बये? काय केलंस ह्ये?" म्हातारी ओरडली. "माझ्या लेकराचं आयुष्य तोडलंस!"

"आत्या, पडलं असतं ते."

"पडला आसता तर उचलला आसता! आयुष्य कुटनं उचलून आनू?"

तिनं लगोलग मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, जोतिबाला नारळ बोलली आणि बनुबाईला बोटावर मोजून सांगितलं, घ्यायचा तर उखाणा, न्हाईतर तोंडाला कुलूप. बनुबाईनं मान डोलावली.

पण झालं काय, दुसऱ्या सकाळी तिनं चांगला घोळवून घोळवून उखाणा घेतला आणि मानसिंग बाजेवरनं हललाच नाही. पाय खाली सोडून बसला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं दुसरा घेतला. तो बघतच राहिला. ज्या नावानं त्याला पलटणीत वर्षानुवर्षं उठवलं, पळवलं, गोळ्यांच्या पावसात पुढं काढलं, ते नाव त्याला काल घरात ऐकू आलं होतं. आता त्याला रावबिव नको होतं, ताटं नको होती, भाकऱ्या नको होत्या.

असे तीन-चार दिवस गेले. पाय पुन्हा जडावला. ताट पुन्हा सरकायला लागलं.

बनुबाई भ्यायली होती, खोटं कशाला सांगा. एकदा म्हातारी पाण्याला गेलेली बघून ती बाजेपाशी गेलीसुद्धा. नाव अगदी ओठावर आलं. मानसिंगानं मान वर केली, वाट बघितली. पण समजा म्हातारीचं खरं असलं तर? नवरा चालला आणि वर्षभरात गेला तर? आणि नाही घेतलं तर पडून पडून जाणारच होता. कुठला मानसिंग हवा, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं चालणारा मानसिंग मागितला असता, थोडा का असेना. पण आयुष्य त्याचं होतं, आणि तिनं ते आपल्या जिभेवर कसं घ्यायचं? ती तशीच मागं फिरली. मानसिंगानं मान खाली घातली.

मग ते घडलं. ज्ञानू पहाटेच गाड्या भरायला गेला होता, त्याला यायला उशीर झाला. मानसिंगानं थांबायचं तेवढं थांबून बघितलं. बाज धरून उठायचाही प्रयत्न केला. नाही जमलं. अंथरुणातच झालं. बनुबाई गरम पाणी घेऊन आली तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं आणि डाव्या हाताची मूठ तोंडात धरली होती.

"सर बाजूला," अंबूबाई मागनं येऊन म्हणाली. "म्या करते. म्याच करत आलीया ह्येचं."

तिनं लेकाला पुसला, धोतर बदललं, गोधड्या ओढून काढल्या. मानसिंगाचे डोळे मिटलेले होते आणि त्यातनं पाणी वाहत होतं. गळा काढायची म्हातारीची इतकी सवय, पण त्या दिवशी ती रडली नाही. गोधड्या ओढ्यावर नेऊन स्वतः आपटल्या आणि दिवसभर परड्यात बसून राहिली. रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायला ती गार पाण्यानं आंघोळ करून, ओल्या केसांनी सोप्यात आली. ज्ञानू भावाला पाठीवर घ्यायला खाली वाकला होता.

"ऊठ रं ज्ञान्या. तू जा तुज्या कामाला." मग बनुबाईकडं वळली. "घे त्येचं नाव."

बनुबाई ज्ञानूच्या तोंडाकडं बघायला लागली.

"म्या देवाला सांगून आलीया. ह्येचं जे काय कमी व्हायाचं आसंल, ते माझ्यातनं घे म्हनलं. लय न्हाई उरल्यालं, पर हाय ते घे."

"आत्या, आसं नगा बोलू."

"तू मला शिकवू नगंस. हाक मार. आन् मोठ्यानं मार. देवाला नीट ऐकू गेलं न्हाई तर भलत्याचंच कापायचा."

बनुबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. ती बाजेपासून दोन पावलं लांब उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "मानसिंग."

तो उठला. ज्ञानूनं त्याच्या डाव्या हातात काठी दिली. तो खांबापाशी आला, खांब सोडला, मोकळी जागा ओलांडली. उंबऱ्याला अडखळला. "मानसिंग!" पाय उचलला. अंगण झालं. अंबूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिनं नुसती हातानं खूण केली, जा.

गल्लीत माणसं होती. सकाळची वेळ, असणारच. बायका हंडे घेऊन चाललेल्या, पारावर चार टाळकी जमलेली. पुढं हवालदार, उजवा पाय जमिनीवरनं ओढत, काठी टेकत. मागं चार हातांवर त्याची बायको, डोक्यावर पदर, आणि भर गल्लीत नवऱ्याचं उघडं नाव. तो थबकला की ती हाक मारायची. हाक आली की पाय पुढं पडायचा. रंगूबाईनं दारातनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. पारावरचं एक पोरगं फिसकन हसलं, तर शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीत रट्टा घातला. बनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण हाक ती मारतच होती.

ओढ्याच्या अलीकडं वाट उतरते आणि घाणेरी सुरू होते. तिथनं पुढं बाईमाणसानं जायचं नाही. बनुबाई थांबली. मानसिंगही थांबला. त्यानं वळून बघितलं, पुढं बघितलं. उतरणीला काठी टेकली आणि हळूहळू खाली गेला. झुडपं हलली, मग हलायची थांबली. आता तो दिसत नव्हता.

बनुबाईनं शिस्तीत पाठ फिरवली. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. कसला आवाज नाही. काठीची खट्खट् नाही. घसरला असेल का? ओढ्याकडच्या अंगाला खोल आहे. कुणाला बोलवावं, तर ज्ञानू कामावर गेलेला. तिचा जीव कासावीस झाला. पाठमोरीच, समोरच्या मोकळ्या वाटेकडं बघत, तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"मानसिंग!"

झुडपांमागनं आवाज आला. घोगरा, ओबडधोबड, दसऱ्यापासून कुणी न ऐकलेला.

"हाजर!"

बनुबाई तिथंच वाटेवर मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्यातलं कुठलं आवरावं ते कळत नव्हतं. मग तिनं नाक पुसलं, गरज नव्हती तरी आणखी एकदा हाक मारली आणि ऐकत बसली.